छोट्या संग्रहालयाचा दहा वर्षांचा आराखडा करताना शिपाई, परिचर, कंत्राटी कर्मचारी यांना सोबत घ्यावं का? घ्यायचं तर कसं?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावी तुमच्या ट्रस्टचं संग्रहालय आहे, सात-आठ माणसं कामाला आहेत आणि विश्वस्तांनी दहा वर्षांचा आराखडा करायला घेतलाय. 'त्यात शिपायांचं आणि झाडणाऱ्या बाईंचं काय काम?' असं काही जण म्हणतायत. मी मराठवाड्यातल्याच एका संग्रहालयात एकवीस वर्षं नोंदवहीचं काम केलं. त्यांना नक्की सोबत घ्या, आणि आराखड्याची पहिली ओळ लिहायच्या आधी घ्या. मसुदा छापून झाल्यावर नुसत्या सह्यांना बोलावणार असाल तर मात्र नका बोलावू. माणूस त्यानं जास्त दुखावतो.

आमच्याकडे पहिला आराखडा बाहेरच्या सल्लागारांनी केला होता. पश्चिमेकडच्या मोठ्या खोलीत भाजक्या मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंताचं नवं दालन दाखवलं होतं, आणि बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा घेऊन आलेले आमचे परिचर मामा नकाशाकडं बघून म्हणाले, "सर, त्या भिंतीत दर साली पाणी मुरतंय की." मग त्यांनी आपल्या स्टुलामागं खिळ्याला अडकवलेली कालनिर्णयची जुनी पानं आणून टेबलावर ठेवली. भिंत ओली दिसली त्या तारखेवर निळ्या पेनाची फुली. दिवाळीच्या आसपासच्या काही फुल्यांपाशी बारीक अक्षरात 'पांढरं आलं' असं लिहिलेलं.

ते पांढरं म्हणजे लोणा. पाऊस संपून भिंत आणि कोनाड्यातली मूर्ती वाळायला लागली की आतले क्षार वर येतात, पिठासारखे दिसतात आणि जाताना मूर्तीचा पापुद्रा घेऊन जातात. हस्तिदंताला आपला चाळिशीपारचा कोरडा मे आणि त्यापाठोपाठची पावसाळी ओल हा फेराच सोसत नाही, त्याला चिरा जातात. दोन्ही वस्तू आम्ही नेमक्या त्याच खोलीत नेणार होतो. सहा वर्षांच्या फुल्या होत्या. मी विचारलं, "मामा, आधी कामून सांगितलं नाही?" ते म्हणाले, "विचारलं कोणी?" त्या दोन शब्दांनी मला बरीच रात्र झोप आली नाही.

ओल निदान दिसते तरी. खरी भीती आहे ती कुठंच न लिहिलेल्या माहितीची. आपल्या भागातली संग्रहालयं बरीचशी एकेका माणसाच्या ध्यासातून उभी राहिलीत. तेरचं शासकीय संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून आलं, पैठणचं बाळासाहेब पाटील यांच्या. अशा संग्रहात वस्तू कुठं सापडली हे कळणं वस्तूइतकंच मोलाचं असतं. तेरच्या हस्तिदंती मूर्तीची तुलना इटलीतल्या पाँपेई या जुन्या रोमन शहरात १९३८ मध्ये निघालेल्या मूर्तीशी करता येते, कारण ती तेरची आहे ही नोंद टिकली. तेर म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार करणारं, हा धागा त्या नोंदीवर उभा आहे. नोंद हरवली की उरतं एक सुंदर खेळणं. तुमच्याकडे 'हे कोणत्या शेतातून आलं, कुणी आणून दिलं' हे कुणाला माहीत आहे? बहुतेक पंचवीस वर्षं दालनात बसलेल्या माणसाला. ते निवृत्त कधी होणार?

म्हणून पहिल्यांदा एकच तक्ता करा: प्रत्येकाचं नाव, निवृत्तीचं वर्ष आणि 'हे फक्त यांनाच ठाऊक आहे' असा रकाना. आमचा तक्ता भरल्यावर दिसलं की तीन वर्षांत चौघं जाणार आहेत, आणि आराखड्यातली पहिली मोठी कामं चौथ्या वर्षी सुरू होणार होती. मग आम्ही क्रम उलटा केला. आधी मामांना शेजारी बसवून नोंदी पुऱ्या केल्या, संगणकावर चढवणं नंतर. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं संग्रहालयांच्या नोंदींसाठी केलेली 'जतन' प्रणाली आहे, पण कोणत्याही प्रणालीत सापडल्याची जागा हा रकाना रिकामा राहिला तर तो ती प्रणाली भरून देत नाही.

कंत्राटी माणसांबद्दल थोडं मोकळेपणानं बोलतो. ज्याला स्वतःचे पुढचे अकरा महिने माहीत नाहीत, त्याला 'दहा वर्षांनी संग्रहालय कसं असावं' असं विचारणं क्रूर आहे. आमच्या तिकीट खिडकीवरच्या मुलीनं तोंडावर सांगितलं, "मी असेन का तेव्हा?" तिचं बरोबर होतं. आराखड्यात माणसांचं पान नसेल, म्हणजे कोणती पदं कायम होणार, पगार कधी वाढणार, प्रशिक्षणाला कोण जाणार हे नसेल, तर तो इमारतीचा आराखडा झाला. आणि त्यांच्याशी बोलताना ठेकेदाराला खोलीत बसवू नका.

बैठक कार्यालयात घेऊ नका. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून इमारतीतून चाला, गच्चीपासून भांडारापर्यंत. जिथं काम अडतं तिथं ज्यानं त्यानं थांबून सांगायचं, अध्यक्षांनी शेवटी बोलायचं. प्रश्न लहान विचारा: येत्या पावसाळ्यात काय बिघडेल? तुम्ही महिनाभर रजेवर गेलात तर काय बंद पडेल? आमच्या अशाच फेरीत औसा तालुक्यातले पहारेकरी दगडी मूर्तींच्या वरच्या फळीपाशी थांबले आणि म्हणाले, "रात्री हललं तर?" ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट त्यांनी पाहिलेली. आमच्या सुबक आराखड्यात भूकंपाचा शब्दही नव्हता. जड मूर्ती खालच्या फळीवर यायला पैसे लागले नाहीत, दोन दिवस लागले.

ऐकून घेतलेलं सगळं मान्य करावं लागत नाही. पण प्रत्येक सूचनेपुढं 'करू, या वर्षी', 'पुढं ढकललं' किंवा 'जमणार नाही, कारण असं' हे लिहून ते सूचनाफलकावर लावा. आमच्याकडं पहिल्या वर्षी हे राहून गेलं आणि दुसऱ्या फेरीला निम्मी माणसं गप्प बसली. त्यांना परत बोलतं करायला वर्ष गेलं. कोणती वस्तू घ्यायची, पैसा कुठून आणायचा, हे निर्णय मात्र विश्वस्तांचेच. ते कर्मचाऱ्यांच्या गळ्यात घालू नका.

झाडणाऱ्या बाईंना विसरू नका. वाळवीची माती कोणत्या कपाटाखाली रोज नव्यानं पडते, हे सकाळी सगळ्यात आधी त्याच बघतात. फेरीची सुरुवात त्यांच्यापासून करा.