शून्य दिलं तरी एक पॉड उठतोच!

प्रश्न: ऑफिसमध्ये हेल्म चार्ट (कुबरनेटीसवर अ‍ॅप चढवायचे साचे) मीच बघते. रात्री टेस्टिंगचं सगळं बंद राहावं म्हणून वेगळ्या व्हॅल्यूज फाइलमध्ये रेप्लिका काउंट (अ‍ॅपच्या किती प्रती चालवायच्या तो आकडा) 0 केला, पण अपग्रेड मारलं की एक पॉड, म्हणजे अ‍ॅपची एक चालू प्रत, परत उभा. टेम्प्लेटमध्ये 'डिफॉल्ट 1' लावलंय, पण ते व्हॅल्यू दिलीच नसेल तर लागतं ना? शिवाय हेल्पर्स फाइलमधली लेबलं 'टेम्प्लेट'ने आणून पुढे 'एनइंडेंट'चा (मजकूर नव्या ओळीवर जागा सोडून बसवणारं फंक्शन) पाइप, म्हणजे '|' ही खूण, लावला की एरर येते.
– एक वाचक, पिंपरी

उत्तर: तिथेच तर गोची आहे. हे 'डिफॉल्ट' स्प्रिग या टेम्प्लेट फंक्शनांच्या लायब्ररीतून येतं, आणि ते व्हॅल्यू दिलीय का हे बघतच नाही, रिकामी आहे का एवढंच बघतं, आणि त्याच्या लेखी 0, फॉल्स, रिकामी स्ट्रिंग, रिकामी लिस्ट सगळं रिकामंच. म्हणजे तुम्ही 0 दिलात, त्याला वाटलं काहीच नाही, दिला 1 ठेवून. मी पण आपटलोय यात, एक स्विच फॉल्स करून ठेवलेला आणि डिफॉल्ट होतं ट्रू, दोन तास लॉग बघत बसलो की हे बंद का होत नाहीये.

उपाय सोप्पा आहे, टेम्प्लेटमधून 'डिफॉल्ट' काढा आणि तो 1 चार्टच्या मूळ व्हॅल्यूज फाइलमध्ये लिहा. तुमची रात्रीची फाइल त्याच्यावर बसते, त्यामुळे 0 हा 0 च राहतो. व्हॅल्यू द्यायलाच हवी असं असेल तर 'रिक्वायर्ड' लावा, ते 0 ला अडवत नाही, फक्त नसलेल्या व्हॅल्यूला आणि रिकाम्या स्ट्रिंगला अडवतं. कोणीतरी सांगेल की 0 ला कोट लावा, चालतं पण ते, फक्त सहा महिन्यांनी कोणीतरी फाइल 'साफ' करताना तो कोट उडवणार आणि पॉड परत हजर.

लेबलांचं म्हणाल तर 'टेम्प्लेट' हे फंक्शनच नाही, ते मजकूर थेट छापून टाकतं आणि तुमचा पाइप त्या मजकुरावर न लागता लागतो त्याला दिलेल्या डॉटवर (म्हणजे टेम्प्लेटला मिळालेल्या सगळ्या माहितीवर), म्हणून एरर. 'इन्क्लूड' वापरा, ते स्ट्रिंग परत देतं, मग 'एनइंडेंट 4' नीट बसतं.

आणि अपग्रेडच्या आधी 'हेल्म टेम्प्लेट' ला (काही न चढवता फक्त तयार आउटपुट दाखवणारी कमांड) रात्रीची फाइल देऊन आउटपुटमध्ये 'रेप्लिकाज' ग्रेप करा, म्हणजे शोधा, 0 दिसला तरच पुढे जा.