गाडीगप्पा : इंजिन नंतर, आधी पत्रा

नमस्कार दादा. आम्ही गेली अकरा वर्षं नोव्हायला राहतो, डेट्रॉइटपासून जवळच. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्या निघतात ना, ते बघून बघून आता एक स्वतःची घ्यायचीच असं ठरवलंय. शेव्हरोलेची १९६९ ची शेव्हेल एसएस ३९६ सापडलीय, लाल, बाहेरून एकदम चकाचक, मालक म्हणतो इंजिन नुकतंच बनवलंय. ४८ हजार डॉलर मागतोय. शनिवारी बघायला जायचंय तर इंजिनमध्ये काय काय तपासू?
– एक वाचक, नोव्हाय, मिशिगन

इंजिनकडं आपण शेवटी येऊ. शनिवारी जाताना जुने कपडे घाला, टॉर्च घ्या आणि आधी गाडीखाली शिरा. हे मी सगळ्यांनाच सांगतो, कारण शेव्हीच्या, म्हणजे शेव्हरोलेच्या, व्ही-८ चं (आठ सिलिंडरचं) इंजिन बिघडलं तरी त्याचे पार्ट आजही नवे मिळतात, मशीनवर काम करणारा माणूस चांगला असला की इंजिन परत उभं राहतं, पण पत्रा कुजला असेल तर कापा, वेल्डिंग करा, घासा, रंगवा, आणि हे सगळं तासाच्या मजुरीनं, त्याचा खर्च कुठं जाऊन थांबेल ते कुणी सांगू शकत नाही. त्यात तुम्ही मिशिगनला. डेट्रॉइटच्या पोटात हजार-बाराशे फुटांवर मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतंच. ही गाडी थोडेच हिवाळे रस्त्यावर चालली असली तरी ते मीठ कुठंतरी आत बसलेलं असणार.

फ्रिजवर चिकटवतो तसलं एक लोहचुंबक घ्या आणि पातळ रुमालात गुंडाळा, म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही. आधी छतावर लावून बघा, चांगल्या पत्र्यावर ते कसं ओढलं जातं ते हाताला कळू द्या. मग मागच्या चाकाच्या कमानीवर आणि चाकामागं जो खालचा भाग आहे तिथं लावा, दारांचा खालचा काठ, पुढच्या फेंडरचा मागचा कोपरा, हेही सोडू नका. जिथं चुंबक धरतच नाही, सुटून हातात येतं, तिथं रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे, आपले पेंटर जिला लांबी म्हणतात ती. थोडी पुट्टी कुठल्याही जुन्या गाडीत असते, त्याला घाबरू नका, पण हाताच्या पंजाएवढ्या जागेत चुंबक लागतच नसेल तर तो चकाचक लाल रंग तुमच्या काही कामाचा नाही.

शेव्हेलची आणखी एक खोड म्हणजे मागची काच. काचेभोवती जी चकचकीत पट्टी असते तिच्याखाली पाणी साठतं, तिथला पत्रा गंजतो आणि पाणी डिकीत उतरतं. म्हणून डिकीतला गालिचा उचला, स्पेअर टायर बाहेर काढा, खालचा पत्रा हातानं चाचपा, मालक नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा. आणि या गाडीला खाली वेगळी चासी असते, बॉडी तिच्यावर रबरी बुश ठेवून बोल्टनं बसवलेली. मागच्या ॲक्सलच्या आसपासची चासी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत ठोकत जा. चांगलं लोखंड खणकन वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. खालून सगळीकडं नुकताच काळा जाड थर मारलेला दिसला तर तिथं जास्त ठोका.

आता एसएसची, म्हणजे सुपर स्पोर्टची, गोष्ट, कारण ४८ हजार तुम्ही त्या दोन अक्षरांसाठी देताय. साध्या मालिबूला, म्हणजे शेव्हेलच्याच साध्या मॉडेलला, एसएसचे बिल्ले आणि काळी जाळी लावून विकणं खूप चालतं. १९६६ ते ६८ च्या एसएस ३९६ चा व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १३८ नं सुरू व्हायचा, त्यामुळं तिथं ओळखणं सोपं. १९६९ ला कंपनीनं एसएस हे फक्त ऑप्शनचं पॅकेज करून टाकलं, त्यामुळं खऱ्या एसएसचाही नंबर बहुतेक वेळा १३६ असा मालिबूचाच असतो आणि नुसत्या व्हिनवरून १९६९ ची एसएस कुणालाच सिद्ध करता येत नाही. मालक ‘व्हिन चेक करा, एसएसच आहे’ म्हणाला तर एकतर त्याला माहीत नाही किंवा तो खोटं बोलतोय. कागद मागा. बिल्ड शीट नावाचा कारखान्यातला कागद कधीकधी पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला सापडतो, किंवा वॉरंटीच्या पुस्तकातली प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही पत्र्याची छोटी पट्टी. दोन्ही नसतील तर निदान मागच्या ॲक्सलचं कव्हर बारा बोल्टचं आहे का आणि पुढं डिस्क ब्रेक आहेत का ते बघा. त्यानं सिद्ध काही होत नाही, पण नसतील तर प्रश्न जरूर विचारा.

इंजिन त्याच गाडीचं आहे का हेही बघता येतं. पॅसेंजरच्या बाजूला सिलिंडर हेडच्या पुढं ब्लॉकवर एक सपाट जागा असते, ती कापडानं पुसा. तिथं टी अक्षर आणि चार आकडे दिसतील, टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडा कारखाना आणि आकडे म्हणजे महिना-तारीख, ०३१२ असेल तर १२ मार्च. शेजारी गाडीच्या व्हिनचा शेवटचा भाग ठोकलेला असायला हवा. बॉनेट उघडल्यावर मागच्या भिंतीवर जी पत्र्याची पट्टी असते तिच्यावर गाडी कुठल्या महिन्याच्या कुठल्या आठवड्यात बनली ते असतं, ०३बी म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा. इंजिनची तारीख गाडीच्या आधीची हवी. गाडी फेब्रुवारीची आणि इंजिन मे महिन्यातलं असं निघालं तर ते नंतर बसवलेलं आहे, गाडी वाईट नाही, पण किंमत तशी लावा.

आणि हो, इंजिन. मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा, कोमट लागलं तर समजा की थंड इंजिन सुरू करताना काहीतरी होतं जे तुम्हाला दाखवायचं नाहीये. चालू केल्यावर पहिला धूर बघा. निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढरा आणि गोडसर वासाचा असेल आणि दोन-चार मिनिटांनीही थांबत नसेल तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. ‘नुकतंच बनवलंय’ म्हणणाऱ्याकडं मशीन शॉपची बिलं असतातच, ती बघा. बिल नाही तर इंजिन बनवलेलं नाही असं धरून चला.

---

दादा, इथं एडिसनमध्ये शेजारच्या आजोबांच्या ओळखीतून १९६६ ची मस्टँग कूपे मिळतेय, व्ही-८ म्हणून सांगताहेत. मला गाड्यांमधलं फार कळत नाही, पण माझ्या बाबांना ही गाडी खूप आवडायची म्हणून घ्यायचीय. खरंच व्ही-८ आहे का कसं ओळखू? आणि अजून काय बघू?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

ताई, तुमच्या गावातच या गाड्या बनायच्या. फोर्डचा मटचेन कारखाना नावानं मटचेन असला तरी होता एडिसनमध्येच, २००४ ला बंद झाला. ड्रायव्हरच्या बाजूला बॉनेटखाली फेंडरच्या आतल्या पत्र्यावर व्हिन ठोकलेला असतो, त्यातलं दुसरं अक्षर टी असेल तर तुमची मस्टँग तिथलीच, हे मला लिहिताना पण छान वाटलं.

आता त्याच नंबरातलं पाचवं अक्षर बघा. तिथं सी, ए किंवा के असेल तर ती व्ही-८ म्हणूनच बनली. तिथं टी असेल तर ती सहा सिलिंडरची. दुसरी ओळख तर अगदी सोपी, चाकाचे नट मोजा. सहा सिलिंडरवाल्या मस्टँगला चार नट, व्ही-८ ला पाच. बॉनेटखाली व्ही-८ आणि चाकाला चार नट असं दिसलं तर कुणीतरी नुसतं इंजिन बदललंय आणि ब्रेक, ॲक्सल सगळं हलक्या गाडीचं तसंच ठेवलंय, अशी गाडी घेऊ नका. सहा सिलिंडरची मस्टँग वाईट असते असं मुळीच नाही, बाबांच्या आठवणीसाठी तीही सुंदरच आहे, फक्त व्ही-८ चे पैसे देऊ नका.

मस्टँगमध्ये मी सगळ्यात जास्त घाबरतो ते काचेपुढच्या जाळीला. वायपरच्या खाली हवा आत घ्यायला ज्या फटी असतात त्यांच्या आत पत्र्याचं एक पन्हळ आहे, पानं साठून ते आतून गंजतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. माझी पहिली मस्टँग मी एका डीलरकडून घेतली, उन्हाळ्यात, कोरडी ठणठणीत. पहिल्याच पावसात डॅशखालून बुटावर थेंब पडायला लागले, गालिचा उचलला तर खालचा पत्रा चाळणीसारखा, बोट आरपार गेलं. ते दुरुस्त करायला गाडीचा पुढचा सगळा भाग उघडावा लागला, त्या एका हिवाळ्यात मी जे पैसे घातले त्यात दुसरी गाडी आली असती. म्हणून तुम्ही एक तांब्याभर पाणी सोबत न्या, मालकाची परवानगी घ्या, त्या फटींमध्ये हळूहळू ओता आणि कुणाला तरी टॉर्च घेऊन डॅशखाली बघायला सांगा. दोन्ही बाजूंना करा. आत थेंब आला तर या गाडीला नाही म्हणा, आजोबांच्या ओळखीची असली तरी.

अजून एक, जिवाशी संबंधित आहे म्हणून लिहितो. १९६६ पर्यंत या गाड्यांना ब्रेकचं एकच सर्किट असायचं. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. १९६७ पासून दोन सर्किट आली. गाडी घेतलीत तर मुलांना बसवायच्या आधी दोन सर्किटचं डबल मास्टर सिलिंडर बसवून घ्या.

---

गाडी ॲरिझोनात आहे आणि मी सिॲटलला, फोटोवरून घेतली तर चालेल का?
– एक वाचक, सिॲटल

ॲरिझोनातला पत्रा बहुतेक चांगला असतो, कोरडी हवा. उन्हानं मात्र रबर, डॅश, सीट सगळं भाजून निघतं, तो खर्च धरा. फोटोवरून घेऊ नका. तिथला जुन्या गाड्यांचा तपासनीस पैसे देऊन पाठवा, खालून काढलेले फोटो मागवा, टायटल, म्हणजे मालकीचा कागद, विकणाऱ्याच्याच नावावर आहे का आणि त्यावरचा नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळतो का ते बघायला सांगा. टायरच्या बाजूवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे पण मागवा, २३१० असेल तर तो टायर २०१० च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही नवी दिसली तरी त्या टायरवर गाडी सिॲटलपर्यंत चालवत आणू नका, ट्रेलरवर आणा.