वाचकांचे प्रश्न : व्यक्तिचित्रातील रचना कशी पाहावी?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. इंटरमीजिएट परीक्षेला बसणाऱ्या मुलांना थोर चित्रकारांची व्यक्तिचित्रे दाखवावीत म्हणून शोध घेतला, तर बहुतेक ठिकाणी त्या चित्रांवर त्रिकोण, कर्ण आणि सुवर्णगुणोत्तराची (सर्वांत सुंदर मानल्या गेलेल्या प्रमाणाची) शंखासारखी वळणरेषा आखलेली आढळते. मुले विचारतात, ‘सर, चित्रकाराने खरोखरच या रेषा आखल्या होत्या का?’ मला ठाम उत्तर देता येत नाही. रचनेचा अभ्यास नेमका कोठून सुरू करावा?
— एक कलाशिक्षक, सातारा

उत्तर : मुलांची शंका रास्त आहे आणि तिची पहिली तपासणी फूटपट्टीनेच करता येते. ज्या चित्रावर ही वळणरेषा सर्वांत जास्त वेळा आखली जाते, त्या ‘मोना लिसा’चा फलक 77 सेंटिमीटर उंच आणि 53 सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे गुणोत्तर सुमारे 1.45 येते, सुवर्णगुणोत्तर 1.618 असते. गैरसमजाला निमित्त आहे, नाही असे नाही. लुका पाचोली या गणितज्ञाच्या याच गुणोत्तरावरील ग्रंथासाठी लिओनार्दोने घनाकृतींची चित्रे काढून दिली होती आणि तो ग्रंथ 1509 मध्ये छापला गेला. परंतु घनाकृती काढून देणे वेगळे आणि त्या गुणोत्तरावर व्यक्तिचित्र बेतणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीला पुरावा नाही. छायाचित्रकारांचा आवडता ‘तृतीयांशाचा नियम’ (चौकटीचे उभे-आडवे तीन समान भाग पाडून मुख्य आकार त्या रेषांवर ठेवणे) तर या नावाने 1797 मध्ये एका इंग्रज लेखकाने, तेही निसर्गचित्रांच्या संदर्भात, मांडला. त्या वेळी इटलीचा थोर चित्रकार राफाएल याला जाऊन पावणेतीनशे वर्षे झाली होती.

वळणरेषा कोठेही बसते, कारण ती कोठे ठेवायची हे ठेवणाराच ठरवतो. डोळ्यावर नाही जमली तर नाकपुडीवर, तेथे नाही तर हनुवटीवर. तीच रेषा शाळेच्या स्नेहसंमेलनातील एखाद्या छायाचित्रावर ठेवून पाहा, तेथेही ती कशावर तरी बसेल. त्रिकोणाचे तसेच आहे. हात जुळवून बसलेल्या माणसाचे डोके लहान, खांदे त्याहून रुंद आणि कोपरे त्याहूनही रुंद असतात. तेव्हा त्यात त्रिकोण सापडला, याला शोध म्हणता येत नाही. चित्रकार प्रत्यक्ष रेषाही आखत असत, पण त्या बहुधा लहान रेखाटन मोठ्या फलकावर नेण्यासाठी आखलेल्या चौकड्या असत, आणि तुमचे विद्यार्थीही तशा आखतच असतील.

मग सुरुवात कोठून करावी? माझ्या मते, एका थोर चित्रकाराने दुसऱ्या थोर चित्रकाराची रचना कशी उलगडली, हे पाहण्यापासून. याचे एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे. राफाएलने 1514-15 च्या सुमारास आपला मित्र, दरबारी बाल्दासारे कास्तिल्योने याचे व्यक्तिचित्र रंगवले. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. 1639 मध्ये हे चित्र ॲमस्टरडॅमला लिलावात आले, तेव्हा डच चित्रकार रेम्ब्रांट तेथे हजर होता. त्याने बोरूने घाईघाईत त्याचे रेखाटन केले आणि कडेला चित्र 3500 गिल्डरला (डच नाणे) विकले गेल्याची नोंदही केली. व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहातील या रेखाटनात दाढीचा केस न केस किंवा कपड्याची वीण शोधू नये. टोपीचा गडद आकार, चेहरा आणि छातीकडून बाहीकडे जाणारा मोठा आकार, एवढेच त्याने टिपले आहे. शिवाय टोपी मूळ चित्रापेक्षा जास्त तिरकी केली आहे, म्हणजे टिपता टिपताच तो आपली दुरुस्ती सुचवत होता!

आता मूळ चित्राकडे परत या. त्यात रंग जवळजवळ नाहीतच : काळा, करडा, पांढरा, त्वचेचा उबदार रंग आणि निळे डोळे. टोपीचा काळा आणि अंगरख्याचा काळा यांच्यामध्ये चेहरा सापडतो, हनुवटीखालचा शुभ्र सदरा हा सर्वांत उजळ भाग ठरतो आणि करड्या फरची फुगीर बाही देहाला आपल्या बाजूला ढकलते. पार्श्वभूमी फिकट आहे, पण सदऱ्याइतकी फिकट नाही आणि बाहीइतकी गडदही नाही. या मधल्या छटेमुळेच कडा कोठे ठळक होतात, तर कोठे हवेत विरतात. जुळलेले हात खालच्या कडेला इतके टेकले आहेत की बोटे चौकटीने कापली आहेत. फ्लेमिश चित्रकार रुबेन्सने केलेल्या या चित्राच्या प्रतीत मात्र हात पूर्ण दिसतात. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मुलांना विचारा, माणूस कोणत्या चित्रात आपल्या जास्त जवळ बसलेला वाटतो?

पुढच्याच वर्षी, 1640 मध्ये, रेम्ब्रांटने वयाच्या 34 व्या वर्षाचे आपले स्वचित्र रंगवले. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. राफाएलकडून त्याने बाहीचा फुगारा, टोपी आणि थेट आपल्याकडे वळलेली नजर घेतली, पण हात कडेने कापले नाहीत. त्याऐवजी पुढे एक कठडा घातला आणि त्यावर बाहू टेकवला. ही युक्ती व्हेनिसचा चित्रकार तिशियन याच्या एका व्यक्तिचित्रातून आली असे मानले जाते. कठड्याने दोन गोष्टी साधल्या : चित्राला खाली आडवा पाया मिळाला आणि पाहणाऱ्याला एक अंतर मिळाले. राफाएलचा दरबारी आपल्याशी बोलायला बसला आहे. रेम्ब्रांट खिडकीशी उभा राहून आपल्याला जोखतो आहे.

वर्गासाठी पद्धत सोपी आहे. मूळ चित्राच्या मापांच्या प्रमाणात आगपेटीएवढा आयत आखायला सांगा, डोळे किलकिले करून पाहायला लावा आणि केवळ तीन छटांत, काळा, मधला व पांढरा, सर्व आकार भरायला सांगा. नाक-डोळे काढू देऊ नका. नंतर प्रत उलटी धरून तेच पुन्हा करा. एक खबरदारी घ्यावी : छापील प्रती पुष्कळदा कडेने कापलेल्या असतात. मी स्वतः तरुणपणी एका दिनदर्शिकेवरील चित्राच्या ‘धाडसी कापणी’वर दोन पाने टिपण लिहिले होते आणि ती कापणी छापखान्याची होती, हे मला फार उशिरा कळले. म्हणून संग्रहालयाने दिलेली मापे आधी ताडून पाहावीत.

प्रश्न : अमेरिकन चित्रकार व्हिस्लरने आईच्या चित्राला ‘करड्या आणि काळ्या रंगातील रचना, क्रमांक 1’ असे नाव दिले, हे आम्हाला कोरडे वाटते. आईविषयी त्याला काहीच वाटत नव्हते का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वाटत होते, आणि ते त्याने नाकारलेही नाही. आपल्याला हे चित्र आईचे म्हणून मोलाचे आहे, पण परक्या प्रेक्षकाने त्या व्यक्तीच्या ओळखीशी काय करावे, अशा आशयाचे त्याचे म्हणणे होते. 1871 मधील हे चित्र 1891 मध्ये फ्रेंच सरकारने विकत घेतले आणि आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. त्याची उंची 144.3 आणि रुंदी 162.4 सेंटिमीटर आहे. एका बसलेल्या स्त्रीसाठी आडवा फलक घेणे हाच रचनेतला पहिला निर्णय.

बाकीचे जवळजवळ सर्व आयत आहेत : डावीकडे उभा पडदा, भिंतीच्या तळाशी गडद आडवी पट्टी, भिंतीवर चौकटीतले एक चित्र (ते व्हिस्लरचेच, टेम्स नदीकाठचे 1859 मधील कोरीव मुद्राचित्र आहे) आणि उजव्या कडेला अर्धवट कापलेली दुसरी चौकट. या सरळ रेषांच्या जाळ्यात एकच मोठा आकार वळणांचा आहे, तो म्हणजे काळ्या झग्यातील आई. भिंतीवरचे चित्र अंगठ्याने झाका. चेहऱ्यासमोरची भिंत एकदम रिकामी पडते आणि बाईंची नजर टेकण्याजोगे काही उरत नाही. मग पडदा झाका, म्हणजे सगळा भार उजवीकडे कलंडतो. टोपी, मनगटांवरील लेस आणि हातातला रुमाल हे उजळ तुकडे नजरेला चेहऱ्याकडून मांडीकडे नेतात आणि परत आणतात. एवढ्या मोजक्या साधनांत म्हातारपणाचा निवांतपणा उभा राहतो, तेव्हा नावाला कोरडे म्हणावे की लेकाचा संकोच म्हणावे, हे मी आपल्यावर सोपवतो. मला तो संकोच वाटतो.

प्रश्न : म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र राजा रविवर्म्याचे आहे ना? त्यातला उजेड इतका खरा का वाटतो?
— एक वाचिका, सावंतवाडी

उत्तर : ते रविवर्म्याचे नाही. ते आपल्याच गावी 1882 मध्ये जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे आणि तेलरंगात नव्हे, जलरंगात रंगवलेले आहे. उजेड खरा वाटतो याचे मुख्य कारण म्हणजे ज्योत आपल्याला थेट दिसत नाही. ती तळव्याआड आहे. कागदाच्या पांढऱ्याहून उजळ काही रंगवता येत नाही, म्हणून हळदणकरांनी ज्योत लपवली आणि तिचा परिणाम तेवढा दाखवला : बोटांतून झिरपणारी लाली आणि चेहऱ्यावर खालून चढणारा प्रकाश. आजूबाजूचा काळोख जितका गडद, तितका तो चेहरा पुढे येतो. जलरंगात उजळ जागा आधीपासून राखून ठेवाव्या लागतात, नंतर पांढरा रंग लावून त्या तितक्या स्वच्छ परत मिळत नाहीत. म्हणजे ही सगळी योजना पहिला हात फिरवण्यापूर्वीच पक्की झालेली असणार.