आधी कोणती तक्रार हाती घ्यावी?

आपल्या उत्पादनाबद्दल ग्राहकांच्या तक्रारी-मागण्यांची यादी समोर आली की केवळ मागणी करणाऱ्यांची डोकी मोजून क्रम लावू नका, कारण आरडाओरडा करणारा ग्राहक आणि नुकसान सोसणारा ग्राहक बहुधा वेगळे असतात. पेमेंट ॲपसाठी ‘डार्क मोड’ अनेकजण मागतील. पण खात्यातून पैसे वजा होऊनही ‘पेमेंट प्रलंबित’ दिसले, तर गल्ल्यासमोर खोळंबलेला माणूस तक्रार न करता सरळ दुसरे ॲप उघडतो. जपानी गुणवत्तातज्ज्ञ नोरिआकी कानो यांनी १९८४ साली मांडलेल्या ग्राहकांच्या अपेक्षांच्या वर्गीकरणात अशा बाबी मूलभूत अपेक्षांत मोडतात: त्या पुऱ्या झाल्याचे कौतुक कोणी करत नाही, अपुऱ्या राहिल्या की मात्र ग्राहक बिथरतो. क्रम ठरवताना प्रत्येक कामाला पोहोच (किती ग्राहकांना लागू), परिणाम, खात्री (आपल्या अंदाजाची) आणि श्रम यांचे गुण जरूर मांडा, मात्र ‘खात्री’चा रकाना भरण्यापूर्वी चार-पाच ग्राहकांशी स्वतः बोला, विक्री विभागाचा आग्रह हा पुरावा नव्हे.