तपकिरी बटू, आणि तो 'भुरा' का नव्हे

प्रश्न असा आला आहे : शोल्झचा तारा हा सुमारे 22 प्रकाशवर्षांवरचा, एक तांबडा बटू (लहान, मंद तारा) आणि एक तपकिरी बटू (तारा व्हायला वस्तुमान अपुरं पडलेला गोळा) यांचा. एके ठिकाणी दुसऱ्याला 'भुरा बौना' म्हटलंय. चालेल का? आणि या दोघांना मिळून जोडतारा म्हणायचं की द्वैती तारा?

नाही चालणार. हिंदीतला 'भूरा' म्हणजे तपकिरी, मराठीतला 'भुरा' म्हणजे फिकट, पांढुरका. द्राक्षाच्या पानावर पिठासारखा पांढरा थर धरतो त्या रोगाला आपण 'भुरी' म्हणतो, ती काय तपकिरी असते? बातमीचा तर्जुमा करणाऱ्यांनी निदान एवढं बघावं. 'बौना' हा 'वामन'चाच हिंदी अवतार. आपण त्याच वामनाचं दुसरं रूप घेतलं, बळीच्या दारी गेलेला बटू. 'बटू म्हणजे मुंजा मुलगा, ठेंगू नव्हे' म्हणून नाक मुरडणाऱ्या संस्कृतज्ञांना एवढं उत्तर पुरे.

आता 'तपकिरी'. हा रंग तपकिरीचा, म्हणजे नाकात ओढायच्या तंबाखूच्या पुडीचा, हे उघड आहे. पण 'तपकीर' कुठून आली? तंबाखू पोर्तुगिजांबरोबर आली, शब्द मात्र माझ्या मते त्याहून कितीतरी जुना. संस्कृतात 'त्वक्क्षीरा' म्हणजे वंशलोचन, बांबूच्या पेरांत साठणारा पदार्थ. सालीचं दूध! त्याचीच 'तवक्षीर' झाली, मराठीत 'तवकीर', 'तवकील'. औषधी भुकटीचं हे नाव नव्या भुकटीला चिकटलं आणि 'व'चा 'प' झाला. गंमत बघा, वंशलोचन पांढरं असतं. म्हणजे आपला तपकिरी शब्द मुळात पांढऱ्या पुडीतून निघाला. (भुऱ्याला मी आत्ताच पांढरा म्हणून हाकललं, हे लक्षात आहे.) एका व्याख्यानात 'तप म्हणजे ताप, त्यावरून तपकिरी' असं ऐकलं. ताप? ज्याला हायड्रोजन पेटवण्याइतकं वस्तुमान जमलं नाही आणि जो जन्मभर निवतच जातो, त्याच्या नावात ताप शोधायचा!

बरं, तो दिसायलाही तपकिरी नाही. खगोलशास्त्रज्ञ जिल टार्टर यांनी 1975 मध्ये 'ब्राउन ड्वार्फ' हे इंग्रजी नाव सुचवलं, त्याआधी शिव कुमार या खगोलशास्त्रज्ञांनी 'काळा बटू' म्हटलं होतं. शोल्झच्या जोडीतला धाकटा, म्हणजे तपकिरी बटू, 'टी' या थंड बटूंच्या वर्गातला. अशांच्या वातावरणातलं सोडियम आणि पोटॅशियम पिवळा-हिरवा उजेड गिळतं, त्यामुळे जवळून पाहिलं तर किरमिजीकडे झुकलेला रंग दिसेल. थोरला, तांबडा बटू, मात्र नावाला जागतो. 'लाल' हा फारसीतला माणकाचा रंग, 'तांबडा' ताम्राचा, आणि तांबडे बटू तापल्या तांब्यासारखे नारिंगीच असतात. तेव्हा 'लाल बटू'ही नको.

जोडतारा राहिलाच. आकाशात नुसते शेजारी दिसणारे दोन तारेही जोडतारा ठरतात, मग ते एकमेकांपासून कितीही दूर असोत. हे दोघे खरोखर एकमेकांभोवती फिरतात, म्हणून द्वैती.