वाचकांचे प्रश्न : रात्री उशिराच्या दूरचित्रवाणीवरचे प्रायोगिक लघुपट

प्रायोगिक आणि स्वतंत्र लघुपटांविषयी वाचकांकडून अधूनमधून पत्रे येत असतात. अशा चित्रपटांना दूरचित्रवाणीवर कधी नियमित जागा मिळाली होती का, असा या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख आहे. त्यांतले चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : येथील ग्रंथालयात ‘स्क्रीनिंग रूम’ या जुन्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या डीव्हीडी पाहायला मिळाल्या. स्टुडिओत दोन-तीन माणसे शांतपणे बोलत बसतात आणि मध्ये मध्ये मूक, कथानक नसलेले चित्रपट पूर्ण दाखवले जातात. हा कार्यक्रम जाहिरातींवर चालणाऱ्या व्यापारी वाहिनीवर होता, हे कळल्यावर आश्चर्य वाटले. असे कसे घडले? – एक वाचिका, बॉस्टन

उत्तर : आपले आश्चर्य रास्त आहे. ‘स्क्रीनिंग रूम’ 1972 ते 1981 या काळात बॉस्टनच्या ‘चॅनेल 5’वर, म्हणजे डब्ल्यूसीव्हीबी या केंद्रावर, रात्री उशिरा दाखवला जात असे. हे केंद्र एबीसी या बड्या व्यापारी जाळ्याशी जोडलेले होते. कार्यक्रमाचे यजमान रॉबर्ट गार्डनर हे हार्वर्ड विद्यापीठातील चित्रपट अभ्यास केंद्राचे संचालक होते आणि स्वतः नावाजलेले माहितीपटकार होते. वाराणसीच्या घाटांवर चित्रित केलेला, निवेदन आणि उपशीर्षके दोन्ही टाळणारा त्यांचा ‘फॉरेस्ट ऑफ ब्लिस’ (1986) आपल्याकडच्या काही वाचकांनी पाहिला असेल.

मात्र केवळ गार्डनर यांची रसिकता पुरेशी ठरली असती, असे वाटत नाही. खरे कारण त्या वाहिनीच्या परवान्याच्या इतिहासात सापडते. बॉस्टनमधील ‘चॅनेल 5’चा परवाना 1957 पासून ‘हेराल्ड-ट्रॅव्हलर’ या वृत्तपत्राच्या कंपनीकडे होता. परवान्याचा निर्णय प्रलंबित असताना वृत्तपत्राच्या प्रमुखांनी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या, म्हणजे प्रसारणाचे परवाने देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या, तत्कालीन अध्यक्षांना जेवणाच्या निमित्ताने परस्पर गाठले होते. ही गोष्ट पुढे बाहेर आली, प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. अखेर जानेवारी 1969 मध्ये कमिशनने तो परवाना ‘बॉस्टन ब्रॉडकास्टर्स’ या स्थानिक मंडळींच्या गटाला दिला. एकाच शहरातील वृत्तपत्र आणि दूरचित्रवाणी एकाच मालकाच्या हाती नसावी आणि मालकांनी केंद्राच्या दैनंदिन कारभारात स्वतः लक्ष घालावे, हे दोन मुद्दे त्या निर्णयात महत्त्वाचे ठरले. अपिले संपल्यावर 19 मार्च 1972 रोजी नव्या मालकांनी प्रसारण सुरू केले आणि पुढच्या काही महिन्यांतच ते वृत्तपत्रही बंद पडून दुसऱ्या पत्रात विलीन झाले. (आपल्या मुंबई दूरदर्शन केंद्राचा आरंभही त्याच वर्षी, 2 ऑक्टोबरला झाला.)

या नव्या गटाचे अध्यक्ष लिओ बेरानेक हे ध्वनिशास्त्रज्ञ होते, सदस्यांमध्ये इतिहासकार ऑस्कर हँडलिन होते आणि संस्थापकांमध्ये स्वतः गार्डनरही होते. म्हणजे कार्यक्रमाचा यजमान हा वाहिनीच्या मालकांपैकीच एक होता. स्थानिक कार्यक्रम इतर केंद्रांपेक्षा कितीतरी अधिक करू, असे आश्वासन देऊन या गटाने परवाना मागितला होता, त्यामुळे ते पाळणे भागच होते. रात्री उशिराच्या वेळेला जाहिरातदारांची फारशी मागणी नसते, हीही सोय होतीच. एरवी एखाद्या व्यापारी केंद्राच्या कार्यक्रम प्रमुखाकडे ‘संवाद नसलेला, गोष्ट नसलेला आणि कधी कधी आवाजही नसलेला चित्रपट दीड तासाच्या कार्यक्रमात दाखवू या’ असा प्रस्ताव गेला असता, तर त्याचे काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको.

शंभराच्या आसपास भाग झाले. अमेरिकेचे प्रायोगिक चित्रपटकर्ते स्टॅन ब्रॅकेज आणि हॉलिस फ्रॅम्प्टन, संगणकीय ॲनिमेशनचे आद्य प्रवर्तक जॉन व्हिटनी, पोलंडचे ॲनिमेशनकार यान लेनित्सा, फ्रान्सचे माहितीपटकार जाँ रूश अशी माणसे त्या स्टुडिओत येऊन बसली. यजमान स्वतः चित्रपटकर्ता असल्यामुळे प्रश्न ‘तुम्हाला प्रेरणा कोठून मिळते’ या थाटाचे नसत. काम कसे केले, अमुक ठिकाणी कॅमेरा का हलवला, अशा कारागिरीच्या अंगाने बोलणे होई. माझ्या मते कार्यक्रमाचे मोठेपण चित्रपटांच्या निवडीइतकेच या बोलण्यात आहे. पुढे 1982 मध्ये डब्ल्यूसीव्हीबी हे केंद्र मेट्रोमीडिया या कंपनीने 22 कोटी डॉलरना विकत घेतले. एका केंद्रासाठी मोजलेली ती त्या वेळची विक्रमी किंमत होती आणि ‘स्क्रीनिंग रूम’ त्याच्या आदल्याच वर्षी थांबला होता.

प्रश्न : असे चित्रपट अंधाऱ्या सभागृहासाठी आणि मोठ्या पडद्यासाठी केलेले असतात. दिवाणखान्यातील लहान पडद्यावर ते दाखवण्यात चित्रपटकर्त्याचे नुकसानच नाही का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : काही चित्रपटांचे नुकसान होते, काहींचे होत नाही, आणि हा फरक कशामुळे पडतो हे पाहण्यासारखे आहे.

ब्रॅकेज यांचा ‘मॉथलाइट’ (1963) घ्या. हा जेमतेम चार मिनिटांचा चित्रपट कॅमेऱ्याशिवाय केलेला आहे. मेलेल्या पतंगांचे पंख, फुलांच्या पाकळ्या आणि गवताची पाती दोन पारदर्शक चिकटपट्ट्यांमध्ये दाबून त्यांनी 16 मिलिमीटर रुंदीची एक पट्टी तयार केली आणि तिच्यावरून प्रयोगशाळेत प्रत काढून घेतली. एकेक पंख अनेक चौकटींवर (फ्रेमवर) पसरलेला असल्यामुळे प्रत्येक चौकटीत त्याचा वेगळाच तुकडा येतो. सेकंदाला चोवीस चौकटींच्या गतीने पट्टी सरकली की पंखांच्या शिरा पडद्यावर फडफडल्यासारख्या दिसतात. आता अमेरिकेतील जुनी दूरचित्रवाणी सेकंदाला तीस चौकटी दाखवीत असे आणि प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांत पाठवली जाई. चोवीसचा तिसाशी मेळ घालण्यासाठी चित्रपटाची एक चौकट दोन अर्ध्या भागांपुरती, तर पुढची तीन अर्ध्या भागांपुरती धरून ठेवावी लागे. कथापटात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पण जेथे प्रत्येक चौकट स्वतंत्र चित्र असते, तेथे लयच बदलते आणि दोन शेजारच्या चौकटी एकमेकींत मिसळून दिसू लागतात. आपल्याकडे आणि युरोपात सेकंदाला पंचवीस चौकटींची पद्धत असल्यामुळे चित्रपट थोडा वेगाने चालवून भागवले जाते. चोवीस मिनिटांचा लघुपट सुमारे तेवीस मिनिटांत संपतो आणि आवाजाचा स्वर किंचित चढतो.

शांततेचा प्रश्न याहून अवघड आहे. ‘मॉथलाइट’ला ध्वनिपट्टीच नाही. सभागृहात बसलेला प्रेक्षक ती शांतता स्वीकारतो, घरातला प्रेक्षक मात्र आवाज वाढवून पाहतो, मग संच बिघडला असे समजतो किंवा वाहिनी बदलतो. म्हणूनच चित्रपट सुरू होण्यापूर्वी ‘पुढची काही मिनिटे आवाज नसेल आणि ते मुद्दाम केलेले आहे’ असे सांगणारे कोणीतरी पडद्यावर असणे, ही दूरचित्रवाणीवरची गरज आहे. ‘स्क्रीनिंग रूम’च्या रचनेत ती गरज आपोआप भागली.

याउलट, त्याच कार्यक्रमात येऊन गेलेल्या कॅरोलिन लीफ यांची वाळूची ॲनिमेशन लहान पडद्यावर फारशी उणावत नाही. खालून प्रकाश सोडलेल्या काचेवर वाळू पसरायची, बोटांनी ती सारून आकृती काढायची, वरच्या कॅमेऱ्याने एक चौकट टिपायची आणि मग तीच आकृती मोडून पुढची घडवायची, अशी ही पद्धत आहे. आधीचे चित्र मोडल्याखेरीज पुढचे होत नाही, त्यामुळे मागे जाऊन दुरुस्ती करण्याची सोय नसते. काळ्या आकृत्या आणि उजळ पार्श्वभूमी यांतला विरोध इतका ठळक असतो की बारा इंची पडद्यावरही त्या स्वच्छ दिसतात. तेव्हा मोठा पडदा श्रेष्ठ खरा, पण जो चित्रपट विद्यापीठाच्या सभागृहापलीकडे कोणी पाहिलाच नसता, तो मध्यरात्री एखाद्या घरी अवचित दिसला, तर त्याला निव्वळ नुकसान म्हणण्याची माझी तयारी नाही.

प्रश्न : इतर देशांत असे काही झाले का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : झाले, आणि बहुतेक ठिकाणी कायद्याच्या आधाराने झाले. जर्मनीच्या झेडडीएफ या सार्वजनिक वाहिनीवर ‘दास क्लाइने फेर्नजेश्पील’ हा नवोदित दिग्दर्शकांसाठीचा विभाग 1963 पासून चालत आला आहे. ब्रिटनमध्ये 2 नोव्हेंबर 1982 रोजी ‘चॅनेल 4’ सुरू झाले, तेव्हा कार्यक्रमांच्या आशयात आणि रूपात नावीन्य व प्रयोगाला उत्तेजन देणे, हे त्या वाहिनीचे वैधानिक कर्तव्यच ठरवण्यात आले होते. ॲलन फाउंटन यांच्या विभागाने ‘द इलेव्हन्थ अवर’ या नावाने रात्री उशिराची वेळ मिळवली. तेथे केवळ तयार चित्रपट विकत घेतले जात नसत, तर स्वतंत्र चित्रपट-कार्यशाळांना नियमित अर्थसाहाय्यही दिले जाई, आणि मला हे अधिक महत्त्वाचे वाटते. ऑस्ट्रेलियात बहुभाषक समाजासाठी स्थापन झालेल्या एसबीएस या वाहिनीवर ‘ईट कार्पेट’ हा देशोदेशींच्या लघुपटांचा कार्यक्रम 1989 ते 2005 पर्यंत चालला. परभाषी चित्रपटांना उपशीर्षके देणारा विभाग त्या वाहिनीकडे आधीपासूनच होता, त्यामुळे एरवी खर्चिक ठरणारे काम तेथे रोजचे होते.

प्रश्न : आपल्याकडे अशी सोय का नव्हती? माझा सहा मिनिटांचा, संवाद नसलेला लघुपट तयार आहे. तो कोणत्याही देशातील वाहिनीला पाठवायचा झाल्यास काय पाहावे? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : आपल्याकडे सोय होती, पण ती दूरचित्रवाणीवर नव्हे, तर चित्रपटगृहात होती. परवान्याच्या अटीनुसार चित्रपटगृहांना मुख्य खेळापूर्वी मान्यताप्राप्त लघुपट दाखवावे लागत आणि ते प्रामुख्याने मुंबईच्या पेडर रोडवरील फिल्म्स डिव्हिजन पुरवीत असे. साठच्या दशकाच्या मध्यास जाँ भावनगरी तेथे सल्लागार असताना प्रमोद पती आणि एस. एन. एस. शास्त्री यांच्यासारख्या दिग्दर्शकांना मोकळीक मिळाली. पतींचा ‘एक्सप्लोरर’ (1968) हा सुमारे सात मिनिटांचा, झपाट्याने चित्रे बदलणारा कृष्णधवल लघुपट सरकारी खात्यातून निघाला, यावर आजही विश्वास बसत नाही. परंतु धरणे, खते आणि कुटुंबनियोजन यांच्या रांगेत अशा चित्रपटाची ओळख करून देणारे कोणी नव्हते आणि ‘न्यूजरील’ संपेपर्यंत बाहेर चहा घेणारा प्रेक्षक त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. लघुपटांसाठी मुंबईत 1990 पासून आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, पण महोत्सव म्हणजे नेमाने घरी येणारी जागा नव्हे. फिल्म्स डिव्हिजनचे अनेक लघुपट आता यूट्यूबवर खुले आहेत; आपला लघुपट पाठवण्यापूर्वी ‘एक्सप्लोरर’ जरूर पाहावा.

आपल्या लघुपटाविषयी सांगायचे तर पहिली तपासणी संगीताची करावी. पार्श्वभूमीला ऐकू येणाऱ्या रेडिओवरील एखाद्या गाण्याचे हक्कही लेखी घेतलेले नसतील, तर वाहिनी तो स्वीकारत नाही आणि प्रायोगिक लघुपट नाकारले जाण्याचे हे अगदी साधे कारण असते. लघुपट कोणत्या गतीने चित्रित केला आणि कोणत्या गतीने संकलित केला, हे सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहावे. एकेका चौकटीवर काम केले असल्यास गतीचे रूपांतर आपल्या संमतीशिवाय करू नये, अशी विनंतीही त्यातच करावी. मूळ प्रत कमीत कमी संक्षेपित (कॉम्प्रेस केलेल्या) स्वरूपात स्वतःकडे ठेवावी. शीर्षके आणि श्रेयनामावली मराठीत असतील, तर शीर्षके नसलेली एक वेगळी प्रतही तयार ठेवावी, कारण परदेशी वाहिन्या ती हमखास मागतात. काही महोत्सव प्रसारित झालेले लघुपट स्पर्धेत घेत नाहीत. तेव्हा आधी महोत्सवांच्या अटी वाचाव्यात आणि मगच प्रसारणाच्या करारावर सही करावी.