चुकीचं इंजिन

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज पार बसला होता. सिम्युलेटरमध्ये उजवं इंजिन गेलं आणि तू डावं बंद केलंस, एवढंच ना? तिथे चुकलीस ते बरं झालं.

४ फेब्रुवारी २०१५ला तैपेईत हीच चूक खऱ्या विमानात झाली. ट्रान्सएशिया या तैवानी कंपनीचं एटीआर ७२, दोन प्रॉपेलरांचं प्रवासी विमान, नुकतंच उडालेलं. दोन नंबरचा, म्हणजे उजवा प्रॉपेलर आपोआप फेदर झाला, पाती वाऱ्याला कड देऊन उभी राहिली. कॅप्टननं मागे ओढला तो मात्र एक नंबरचा लिव्हर, धडधाकट इंजिनाचा. ५८ पैकी ४३ माणसं गेली. कॅप्टन काही नवशिका नव्हता.

उजवं गेलं की डावं इंजिन नाक उजवीकडे रेटतं. सरळ राहायला डावा पाय रडरच्या, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या पेडलवर रोवावा लागतो, उजवा रिकामा पडतो. 'डेड फूट, डेड इंजिन', रिकामा पाय ज्या बाजूचा त्याच बाजूचं इंजिन गेलेलं, हे तुला पाठ आहेच. पण पाय दरवेळी सांगेलच असं नाही. म्हणून टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या जोराचा काटा बघ, कुठलं ते मोठ्यानं म्हण, मगच लिव्हर. तेही तुमच्या पुस्तकात दिलेल्या उंचीच्या वर गेल्यावर. तोवर फक्त वेग आणि नाक सांभाळ. कंट्रोलवाले विचारत राहतील, 'स्टँडबाय' म्हणून गप्प बस.

माझंच सांगतो. एकोणीस सीटांचं विमान, ऐन पावसाळा, मुंबईकडे परतत होतो. डाव्या इंजिनाचं ऑइल प्रेशर उतरायला लागलं. दोन्ही इंजिनं चालूच होती, त्यामुळे पायाला काही कळायचं कारण नव्हतं. माझा हात उजव्या लिव्हरवर गेला. शेजारच्या पोरानं माझ्या मनगटावर तळवा ठेवला, घामानं ओला, आणि विचारलं, "कुठलं, सर?" खरं सांगू, आधी रागच आला. मग काट्याकडे पाहिलं.

तूही त्या पोरासारखी उजव्याच सीटवर, को-पायलटच्या जागी बसणार आहेस. कॅप्टनचे केस पांढरे असोत की काळे, हे दोन शब्द विचारायचेच.

रविवारी जुहूला ये. लिव्हर म्हणून दोन लाटणी काढून ठेवतो. काकू हसेल, हसू दे. मी काटे सांगेन, तू हात लावायच्या आधी नाव घ्यायचं. चुकलीस की पुन्हा पहिल्यापासून.

तुझा,
काका